सेटलमेंटमधली वकिलाची फी रिटर्नमध्ये कुठे दाखवायची?

*न्यू जर्सी मराठी शेजारी ग्रुप*

निखिल: मंडळी, नोकरीतल्या भेदभावाची केस १ लाख डॉलरला मिटली आणि ४० हजार वकिलाने परस्पर कापून घेतले, तर टॅक्स रिटर्नमध्ये ६० हजारच दाखवायचे ना?

मेधाताई: नाही रे, पूर्ण लाख. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या बँक्स खटल्यातल्या २००५ च्या निकालानुसार वकिलाचा वाटाही आधी अशिलाचंच उत्पन्न धरतात. ६० दाखवलेस तर कंपनीने पाठवलेल्या डब्ल्यू-२ (पगाराचा फॉर्म) आणि १०९९ (इतर उत्पन्नाचा फॉर्म) शी आकडा जुळणार नाही, आणि आयआरएसची, म्हणजे करखात्याची, आकडे न जुळल्याची सीपी-२००० नोटीस येईल.

निखिल: म्हणजे हातात न आलेल्या ४० हजारांवरही कर?

मेधाताई: नाही, फीची वजावट मिळते. रिटर्नला जोडायचं शेड्यूल १, ओळ २४-एच. शेड्यूल ए वर (खर्च एकेक करून दाखवायची यादी) टाकू नकोस, तिथली किरकोळ खर्चांची वजावट २०१८ पासून बंद आहे. सॉफ्टवेअरमध्ये नुसतं ‘लीगल फी’ शोधलंस तर चुकीच्या जागी जाऊ शकतं. छापील फॉर्मवर २४-एच समोर ४०,००० दिसतात का, ते डोळ्यांनी बघ.

सुहासकाका: या ओळीने एजीआयच (इतर वजावटींआधीचं समायोजित उत्पन्न) खाली येतो, म्हणून स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरलेली वजावट) घेणाऱ्यालाही पूर्ण फायदा. ही सोय ऑक्टोबर २००४ च्या कायद्याने झाली. त्याआधी एएमटीत (किमान कराच्या वेगळ्या हिशोबात) फी वजाच होत नसे, जिंकलेल्या माणसावर फार अन्याय व्हायचा.

वृषाली: फक्त वंश, लिंग, वय अशाच केसेसना का?

मेधाताई: नाही गं. थकलेला पगार, नाकारलेली रजा, तक्रार केली म्हणून काढून टाकणं, हे सगळं बसतं.

सुहासकाका: एक मर्यादा नीट समजून घ्या. वजावट त्याच वर्षी त्या केसमधून आलेल्या करपात्र रकमेपुरतीच. तासाच्या दराने फी २०२३ मध्ये भरली आणि पैसे २०२५ मध्ये आले, तर २०२३ ला उत्पन्न नाही आणि २०२५ ला खर्च नाही, वजावट गेलीच. टक्केवारीची फी सेटलमेंटमधूनच कापली तर ही अडचण येत नाही.

निखिल: मनस्तापाची भरपाई तरी करमुक्त?

मेधाताई: मूळ शारीरिक इजा असेल तरच. सही करण्याआधी करारातली वाटणी वाच. पगाराच्या भागातून सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के जातात. मनस्तापाचा भाग १०९९-एमआयएससीच्या चौकट ३ मध्ये येतो, त्यातून सहसा काहीच कापत नाहीत.

सुहासकाका: आणि दंड तिथेच बसतो. पैसे सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये आले तर १५ जानेवारीपर्यंत १०४०-ईएस या फॉर्मने आगाऊ कर भर.

वृषाली: लैंगिक छळाच्या केसमध्ये गुप्ततेची अट असली तर?

मेधाताई: तेव्हा कंपनीची वजावट जाते. तक्रारदाराची फी वजा होते, आयआरएसने तसं स्पष्ट केलंय.