1947 चा भाडे कायदा अजून किती वर्षं आपली घरं ठरवणार?

नागचाफा

मुंबईत कोण कुठे राहतं, कुणाची इमारत टेकूवर उभी आहे आणि कुणाचा फ्लॅट वर्षानुवर्षं कुलूपबंद आहे, यातलं बरंचसं 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ठरवलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदा आला तेव्हा योग्यच होता. महायुद्धामुळे बांधकामं रखडलेली, गावांकडून लोंढे येत होते, त्यात फाळणीचे निर्वासित. मालक मागेल ते भाडं द्या, नाहीतर रस्त्यावर या, अशी परिस्थिती. म्हणून 1 सप्टेंबर 1940 ला जे भाडं होतं ते प्रमाण धरून तिथेच गोठवलं. कायदा मुदतीचा होता. पण मुदत संपत आली की वाढवायची, असं करत पन्नास वर्षं गेली. एकाही सरकारने भाडेकरूंच्या मतांना हात लावायची हिंमत केली नाही. शेवटी डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता अवाजवी आणि मनमानी झालंय. मग 1999 चा कायदा आला. त्यात काय, तर दरवर्षी 4 टक्के वाढ. 60 रुपये भाड्यावर 4 टक्के म्हणजे 2 रुपये 40 पैसे!

एवढ्या भाड्यात कुठला मालक गच्ची गळते म्हणून पत्रे घालेल? म्हणून 1969 च्या कायद्याने जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ काढावं लागलं, त्याच्या खर्चासाठी उपकर, म्हणजे जादा कर, लावावा लागला. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत अशा उपकरप्राप्त इमारती मुळात 19,642 होत्या. 31 ऑगस्ट 2017 ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली, तीसहून जास्त माणसं गेली. तिथे पुनर्विकास मंजूर होता, काही कुटुंबं आधीच हलली होती, तरी माणसं आत होती.

माझं म्हणणं: भाडं टप्प्याटप्प्याने बाजारभावाजवळ न्या. ज्या कुटुंबांना झेपत नाही त्यांचा फरक सरकारने भरावा. गरिबाला छप्पर देणं ही सगळ्या समाजाची जबाबदारी आहे, ती एकट्या घरमालकावर का?

तिसरामजला

पूर्ण असहमत. यात पगडीचा, म्हणजे खोली घेताना मालकाला भाड्याव्यतिरिक्त मोजलेल्या एकरकमी पैशाचा, उल्लेखच नाही, आणि त्याशिवाय हा विषय मांडणं अन्यायाचं आहे.

माझ्या सासऱ्यांनी गिरगावातल्या दोन खोल्या घेतल्या त्या गावची जमीन विकून. रोख रक्कम मोजून दिली. पावती मिळाली ती फक्त महिन्याच्या भाड्याची, कारण 1947 च्या कायद्याने पगडी घेणं गुन्हा होता. घेतली मात्र सर्रास. म्हणजे घराची किंमत आम्ही भरली, आणि कागदावर आम्ही साठ रुपयेवाले! 1999 च्या कायद्याने पगडी अधिकृत केली, तेव्हा आधी दिलेल्या पैशाचा हिशोब कुणीच मागितला नाही. आजही खोली दुसऱ्याच्या नावावर करायची तर मालक पावती बदलायचे म्हणून सौद्याचा साधारण तिसरा हिस्सा घेतो. हे उत्पन्न "तुटपुंजं भाडं" म्हणताना कुठे जातं?

बाजारभावाने भाडं लावलंत तर गिरगावात मराठी माणूस औषधालाही उरणार नाही. आधीच किती गेलेत ते बघा. सरकार फरक भरेल यावर तर माझा काडीचा विश्वास नाही.

वारसदार

मी दुसऱ्या बाजूचा. आजोबांची चाळ, बावीस भाडेकरू. आजोबांनी पगडी घेतली नव्हती, पण "सगळ्या मालकांनी घेतली" हे इतकं रुजलंय की ऐकायला कुणी तयार नाही. सगळ्यांचं भाडं मिळून जिन्यातल्या दिव्यांचं बिल आणि झाडूवाल्याचा पगार भागत नाही. तळमजल्याच्या दुकानात रोज हजारोंची उलाढाल, भाडं जुनंच. 1999 च्या कायद्याने बँका आणि 1 कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या संरक्षणातून वगळल्या, पण असे दुकानदार राहिलेच.

आणखी एक. 1986 च्या दुरुस्तीने भाडेकरूंच्या संस्थेला उपकरप्राप्त इमारत संपादन करून घ्यायची सोय दिली, मोबदला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट. 60 रुपये भाड्याच्या खोलीचे 6,000 रुपये. हिशोब तुम्हीच करा. त्याविरुद्ध मालकांच्या संघटनेचा खटला 1992 पासून सर्वोच्च न्यायालयात चालला, तेव्हा कुठे 5 नोव्हेंबर 2024 ला तिथल्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की सगळीच खासगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. एवढ्या एका वाक्यासाठी बत्तीस वर्षं.

दुपारचीवेळ

चाळीत न राहणाऱ्यांनाही हा कायदा कसा भिडतो ते सांगते. मी भाडेकरारांचंच काम करते.

पूर्वी लोक भाडेकरू नको म्हणून "लीव्ह अँड लायसन्स"वर, म्हणजे भाडेहक्क न देता नुसत्या वापराच्या परवान्यावर, जागा द्यायचे. 1973 च्या दुरुस्तीने 1 फेब्रुवारी 1973 ला जे असे परवानाधारक जागेत होते त्यांना सरळ संरक्षित भाडेकरू केलं. एका फटक्यात जागा अडकल्या. तेव्हापासून मालकांच्या मनात जी भीती बसली ती अजून उतरलेली नाही. 1999 च्या कायद्यात मुदत संपल्यावर जागा परत मिळवायला सक्षम प्राधिकाऱ्याची वेगळी, झटपट वाट आहे, करारनोंदणी सक्तीची आहे. तरी माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक मालक म्हणतो, "मॅडम, अकराच महिने हं." त्यातले अनेकजण 1973 नंतर जन्मलेले! हिंजवडी-ठाण्यात दरवर्षी सामान हलवणारी तरुण पोरं ही त्याच भीतीची किंमत मोजतात. आणि कित्येक फ्लॅट रिकामेच राहतात.

भाडेकरूंकडेही तीच तऱ्हा. सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा वापरली नाही तर मालक ताबा मागू शकतो. माझ्या ओळखीचे एक काका मुलाकडे डोंबिवलीला राहतात. दर रविवारी लालबागच्या बंद खोलीत येतात, दिवा-पंखा लावून दुपारभर बसतात. वीजबिल शून्याचं येऊ नये म्हणून. नातवाचं नावही त्याच रेशनकार्डावर, कारण हक्क जातो तो सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. काकांचं वय अठ्ठ्याहत्तर.

पेठेतला

मुंबईवाल्यांना निदान दुरुस्ती मंडळ तरी आहे. पुण्यात वाड्यांना हाच भाडे कायदा, पण मंडळ नाही. पावसाळा आला की महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, मालक आणि भाडेकरू एकमेकांकडे बोट दाखवतात. वाडा पडला तर भाडेकरूचा हक्क राहिला की गेला यावर पुन्हा कोर्ट. माझा कल तिसरामजला यांच्याकडे आहे, पण भाडं गोठवलेलं ठेवून एकही वाडा वाचलेला मी पाहिला नाही.

नागचाफा

@तिसरामजला, पगडीचा मुद्दा रास्त आहे. पण तो माझ्याच बाजूचा आहे. कायद्याने भाडं दाबलं म्हणून पैसा काळ्या मार्गाने गेला, आणि ज्यांनी प्रामाणिकपणे मोजला त्यांच्या हातात पुरावा उरला नाही. हे पोरांच्या गळ्यात किती दिवस बांधायचं? पगडीवाल्यांना मालकीहक्क द्या, मालकाला जमिनीचा वाजवी मोबदला द्या, आणि हे नातंच संपवा.

तिसरामजला

मालकीहक्क देणार असाल तर बोलू. पण क्रम उलटा नको. आमच्या मागच्या इमारतीत पुनर्विकासाला 51 टक्के संमती झाली, लोकांनी खोल्या रिकाम्या केल्या, विकासकाने दोन वर्षं पर्यायी घराचं भाडं दिलं आणि बंद केलं. त्यातली तीन कुटुंबं आता विरारला आहेत, प्लॉटवर नुसते पत्रे ठोकलेत. कायद्याने किमान 300 चौरस फुटांचं घर फुकट मिळायचंय त्यांना, पण ते उभं कोण करणार?

तेव्हा आधी प्रत्येक भाडेकरूचा वैयक्तिक करार नोंदवा, भाड्याची रक्कम बँकेत आगाऊ अडकवा, विकासक पळाला तर म्हाडाने किती महिन्यांत ताबा घ्यायचा ते कायद्यात लिहा. ते झालं की 1940 चं भाडं सोडायला मी पहिली सही करीन. तोवर ती साठ रुपयांची पावती मी कुणाच्याही हातात देणार नाही.