मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या पिकअपच्या पुढच्या हबसाठी (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागासाठी) दणकट बेअरिंग कोणते?

खानापूरचे वाहनमालक (प्रश्न)
आमची टू-व्हील-ड्राइव्ह पिकअप बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्याला भाजी नेते आणि हंगामात उसाच्या फडातील कच्च्या वाटांवरही जाते. पुढच्या चाकांची टेपर रोलर (निमुळत्या रोलरांची) बेअरिंगे वर्षाच्या आतच आवाज करू लागतात आणि दर वेळी बाहेरचे लहान बेअरिंग आधी जाते. चाके बाहेर येतील अशा रुंद रिमा बसवलेल्या आहेत. अधिक क्षमतेचे बेअरिंग बसवावे, की फोर-व्हील-ड्राइव्हचा अख्खा हबच घ्यावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बेळगावचे गॅरेजचालक
फोर-व्हील-ड्राइव्हच्या हबचा विचार सोडून द्यावा. त्या गाडीत हबच्या मधून चाक फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट जातो, तर आपल्या गाडीत हब न फिरणाऱ्या स्टब अ‍ॅक्सलवर, म्हणजे आखूड आसावर बसतो. त्यामुळे नकलपासून (स्टब अ‍ॅक्सल धरणाऱ्या, स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या भागापासून) ब्रेकपर्यंत सगळेच बदलावे लागेल.

क्षमतेबाबत एक उदाहरण देतो. ३०२०६ आणि ३२२०६ या दोन्ही बेअरिंगांचे आतले माप ३० मिमी आणि बाहेरचे ६२ मिमी असते, पण पहिल्याची रुंदी १७.२५ मिमी आणि दुसऱ्याची २१.२५ मिमी आहे. लांब रोलरांमुळे दुसरे जास्त भार पेलते हे खरे. परंतु हब पहिल्याच्या मापाने बनवलेला असेल, तर वाढलेल्या चार मिलिमीटरमुळे अ‍ॅक्सलच्या टोकावरच्या नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत आणि स्प्लिट पिनचे (नट फिरू नये म्हणून घालायच्या पिनचे) छिद्रही जुळत नाही. म्हणून आपल्या जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचावा, त्याच नंबरचे नामांकित कंपनीचे बेअरिंग पक्क्या बिलावर घ्यावे आणि कोनबरोबर (रोलर असलेल्या आतल्या भागाबरोबर) बाहेरची रेस, म्हणजे रोलर जिच्यात फिरतात ती कडीही नवीनच बसवावी. जुन्या रेसमध्ये नवा कोन घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

निपाणीचे वाचक
माझ्या मते मूळ दोष त्या रिमांचा आहे. मूळ रिमेवर चाकाचा भार आतल्या मोठ्या बेअरिंगजवळ पडतो; चाक बाहेर आले की तो बाहेरच्या लहान बेअरिंगकडे सरकतो आणि वळणावरचा ताणही वाढतो. रोलर बेअरिंगवरील भार दुप्पट झाला, तर हिशेबाने त्याचे आयुष्य सुमारे दहाव्या हिश्श्यावर येते, आणि वीस टक्के भार वाढला तरी ते जवळपास निम्मे होते. त्यामुळे आधी कंपनीच्या मापाच्या रिमा बसवाव्यात आणि ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरू नये. काढलेल्या बेअरिंगचा रंग कसा आहे, तेही कळवावे.

खानापूरचे वाहनमालक
रोलर निळसर पडले आहेत, गंज कुठेही नाही. मूळ रिमा घरी आहेत, त्या बसवून घेतो.

बेळगावचे गॅरेजचालक
गंज नाही म्हणजे सीलमधून पाणी शिरलेले नाही. निळसर रंग अतिउष्णतेचा आहे. नट जास्त आवळला गेला असेल, ग्रीस कमी पडले असेल, किंवा घाट उतरताना सतत दाबलेल्या ब्रेकची उष्णता हबमध्ये पोहोचत असेल. उतारावर खालचा गिअर ठेवावा. उच्च तापमान सोसणारे लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस रोलरांच्या आतपर्यंत भरावे, आणि जुने ग्रीस पूर्ण धुऊन काढल्याशिवाय नवे घालू नये. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळे माप दिलेले नसेल, तर हब फिरवत नट आवळून रोलर जागेवर बसू द्यावेत, मग तो सैल करून पुन्हा केवळ हाताने टेकवावा. स्प्लिट पिन जुळत नसेल, तर नट पुढच्या खाचेपर्यंत सैलच करावा, आवळू नये.