विषय: २००८ ची होंडा सिव्हिक घ्यावी का? दुरुस्तीला किती लागतील?

नमस्कार मंडळी,

भाचीला कॉलेजला जाण्या-येण्यासाठी गाडी बघतो आहोत. २००८ ची होंडा सिव्हिक एलएक्स, १.८ लिटर, ऑटोमॅटिक, १,३४,००० मैल झालेली. ४,८०० डॉलर सांगत आहेत. सिग्नलला ब्रेक दाबून उभी असली की स्टिअरिंग थरथरतं आणि एसी मधूनच गार हवा द्यायचा थांबतो. विकणाऱ्याच्या मते दोन्ही किरकोळ आहे. दुरुस्ती धरून ६,००० पर्यंत जायची तयारी आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

---

ताई, नमस्कार.

थरथर आणि एसीकडे नंतर वळू. आधी साल बघा. २००६ ते २००८ आणि २००९ च्या सुरुवातीच्या काही सिव्हिकमध्ये १.८ च्या इंजिनचा ब्लॉक, म्हणजे इंजिनचा ओतीव सांगाडा, ओतकामातच कमजोर राहिला. त्याला तडा जातो आणि तिथून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, झिरपतं. होंडाने २०१० मध्ये हे मान्य करून वॉरंटी वाढवली, पुढे ती दहा वर्षांपर्यंत नेली. ती मुदत केव्हाच संपली, म्हणजे आता तडा निघाला तर सगळा खर्च तुमचा. जंकयार्डातलं (भंगार गाड्यांतून काढलेलं) इंजिन, मजुरी, नवं कूलंट-तेल धरून साधारण २,५०० ते ४,००० डॉलर. आणि ते इंजिन पुन्हा २००७ चंच बसवलं तर मूळ दुखणं परत घरात. घ्यायचंच झालं तर २०१०-११ चं मागायचं.

तडा ओळखायचा कसा? खाली डबकं दिसेलच असं नाही. तापलेल्या ब्लॉकवर कूलंट वाळून जातं आणि मागे पांढरट-निळसर पापुद्रा राहतो. टॉर्च लावून ब्लॉकच्या दोन्ही बाजू बघा. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या बाटलीतली पातळी पाहून रेडिएटरची कॅप उघडा. आत कूलंट काठोकाठ हवं. होंडाचं कूलंट निळं असतं. हिरवं किंवा नुसतं पाणी दिसलं तर कुणीतरी वरचेवर भर घालतंय असं समजा. तपकिरी गाळ किंवा चमचमणारे कण दिसले तर गळती बुजवायचं औषध ओतलेलं असू शकतं. तसं असेल तर तिथूनच माघारी फिरा.

मग प्रेशर टेस्ट. हातपंप रेडिएटरला लावून १६ पीएसआयपर्यंत (दाबाचं एकक) दाब द्यायचा आणि वीस मिनिटं थांबायचं. काटा उतरता कामा नये. हा पंप सुट्या भागांच्या मोठ्या दुकानांत अनामत ठेवून उसना मिळतो. बारीक तडा थंडीत बंद राहून तापल्यावर उघडतो, म्हणून अर्धा तास हायवेवर फिरवून पुन्हा टॉर्च लावा. तेव्हा मात्र कॅपला हात लावायचा नाही.

गाडीचा व्हीआयएन, म्हणजे १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, होंडाच्या डीलरकडे द्या. वॉरंटीत ब्लॉक बदललेला असेल तर नोंद सापडू शकते. तशी नोंद निघाली तर मी ही गाडी निश्चिंतपणे घ्या म्हणेन. त्याच नंबरावर ताकाता कंपनीच्या सदोष, फुटताना धातूचे तुकडे उडवू शकणाऱ्या एअरबॅगचं रिकॉल (कंपनीने परत बोलावून भाग बदलणं) बाकी आहे का तेही एनएचटीएसए या अमेरिकी वाहन-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर बघा. २००६ ते २०११ च्या सिव्हिक त्यात आहेत आणि बदलून फुकट मिळतं. ते होईपर्यंत भाचीने गाडी चालवू नये, हे कळकळीने सांगतो.

---

काकांनी मुख्य ते सांगितलंच आहे. ताईंच्या दोन तक्रारींबद्दल मी लिहितो.

थरथर बहुतेक उजवीकडच्या, म्हणजे पॅसेंजर बाजूच्या इंजिन माउंटमुळे (इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार) असेल. त्यात द्रव भरलेला असतो. रबर फाटलं की तो गळून काळे ओघळ दिसतात. ब्रेक दाबून गिअर डी-मध्ये (ड्राइव्ह) ठेवा, मग एन-मध्ये (न्यूट्रल). थरथर एन-मध्ये कमी झाली तर संशय पक्का. मूळ कंपनीचं माउंट बसवून ३०० ते ४५० डॉलर होतील. ५० डॉलरचं बाजारातलं माउंट टाळा. त्याचं रबर कडक असतं आणि थरथर पहिल्या दिवसापासून केबिनमध्ये येते.

एसीचं बिल दहा डॉलरही असू शकतं आणि हजारही. बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समधला कॉम्प्रेसर क्लचचा रिले (एसीचा गॅस दाबणारा कॉम्प्रेसर जोडणाऱ्या क्लचचा विजेचा स्विच) या गाडीत फार वेळा जातो. शेजारचा अगदी तसाच रिले काढून तिथे लावून पाहा. एसी चालू झाला तर दहा-पंधरा डॉलरचं काम. रिले ठीक असेल तर क्लचमधली फट मोजायला सांगा. ती ०.३५ ते ०.६५ मिलिमीटर हवी. झिजून वाढली की तापल्यावर चुंबक क्लच ओढू शकत नाही. थंड असताना चालतो आणि तासाभराने बंद पडतो तो एसी असाच. आतली चकती काढून फट कमी करता येते, गॅसला हात लावावा लागत नाही. पण कॉम्प्रेसर आतून घासला असेल तर धातूचा चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो. मग कंडेन्सर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह हे एसीचे भागसुद्धा बदलावे लागतात आणि ९०० ते १,४०० डॉलर जातात. नुसता कॉम्प्रेसर बदलून देतो म्हणणाऱ्याला चुऱ्याचं काय करणार ते विचारा.

मागच्या टायरांची आतली कड हाताने चाचपा. करवतीसारखी लागली तर मागचे वरचे कंट्रोल आर्म (चाक धरणारे दांडे) आणि अलाइनमेंट (चाकांचा कोन), दोन्ही बघावं लागेल. २००६-०७ मध्ये हा दोष जास्त, पण २००८ लाही बघायला मिनिटभर पुरतं. छताचा रंग उडालेला असेल तर त्यावर पैसे घालू नका.

---

दोघांचे आभार. गिअरबॉक्सचं काय बघायचं? आणि टायमिंग बेल्ट?

---

बेल्ट नाही, चेन आहे. तेल वेळेवर बदललं तर तिच्याकडे बघावं लागत नाही. इंजिन तेल ५डब्ल्यू-२० जातीचं, फिल्टरसकट ३.९ क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर).

गिअरबॉक्सचं तेल मशीन लावून फ्लश करू देऊ नका. होंडाचं डीडब्ल्यू-१ हे गिअरबॉक्सचं तेल घ्यायचं. एका वेळी साधारण अडीच क्वार्टच निघतं, जुनं बरंच आत उरतं. म्हणून काढा-भरा, थोडे दिवस चालवा, असं तीनदा करायचं. तेलाला सात-आठ क्वार्ट लागतील. पातळी बघताना इंजिन गरम करून बंद करा आणि ६० ते ९० सेकंदांच्या दरम्यान तेल मोजायची पट्टी काढा, नाहीतर माप चुकतं.

आता भावाचं. माउंटचे ४५०, गिअरबॉक्सच्या तेलाचे १००, मैल पाहता स्पार्क प्लग आणि व्हॉल्व्हच्या फटी बघायला ३००, एसीसाठी वाईटात वाईट १,४००. बेरीज २,२५०. म्हणजे ६,००० च्या हिशोबात ३,७५० च्या वर जाऊ नका. एसी रिलेवर भागला तर थोडं वर चालेल. विकणारा प्रेशर टेस्टला नाही म्हणाला तर कुठल्याच भावाला नको.

आणि कॅप उघडून बघायचं ते सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. तुम्ही पोचाल तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर त्या दिवशी बघणं रद्द करा आणि दुसरी वेळ मागा.