मदत हवी आहे: गेटऑप्टचा लूप एआरएम बोर्डवर संपत नाही, मॅकवर ऑप्शन लागू होत नाही

नमस्कार मंडळी,

लॉग फाईल चाळणारा एक छोटा सी प्रोग्राम लिहिला आहे. इंटेलच्या लिनक्स मशीनवर वर्षभर बिनतक्रार चालतोय. तोच कोड एआरएम प्रोसेसरच्या लिनक्स बोर्डवर कंपाईल केला, एकही वॉर्निंग नाही, पण चालवला की सीपीयू १०० टक्के आणि प्रोग्राम जागचा हलत नाही.

गेटऑप्टचं (कमांड लाईनवरचे ऑप्शन एकेक करून वाचणारं आणि ते संपले की -१ देणारं फंक्शन) उत्तर 'ऑप्ट' नावाच्या कॅर (एका बाइटच्या) व्हेरिएबलमध्ये घेतो आणि ते -१ होईपर्यंत फिरतो. आत स्विच आहे, डिफॉल्ट केस नाही. 'ऑप्ट' छापून पाहिलं तर सगळे ऑप्शन नीट येतात आणि मग नुसतं २५५, २५५, २५५...

मॅकवर दुसरंच. तिथे लूप व्यवस्थित संपतो, पण फाईलच्या नावानंतर '-व्ही' दिलं तर प्रोग्राम त्यालाही फाईलच समजतो. लिनक्सवर कुठेही दिलं तरी चालतं. वापरणाऱ्यांना शेवटी ऑप्शन द्यायची सवय झाली आहे, ती मोडायची नाही. दोन दिवस यातच गेलेत, कृपया मार्ग सुचवा.

प्रतिसाद १

'ऑप्ट' कॅरऐवजी इंट (पूर्णांकाचा मोठा प्रकार) करा, गेटऑप्ट इंटच परत देतं. साधा कॅर साईन्ड (ऋण संख्याही धरणारा) की अनसाईन्ड (फक्त शून्य आणि धन) हे सी स्टँडर्डने ठरवलेलं नाही. इंटेलवर तो साईन्ड, म्हणून -१ टिकतो. एआरएम लिनक्सवर अनसाईन्ड, तिथे -१ चे २५५ होतात आणि तुलना कधीच जुळत नाही. अॅपलने एआरएमवरही कॅर साईन्ड ठेवलाय, म्हणून मॅकवर हे दिसलं नाही. इंटेलवरच पकडायचं असेल तर जीसीसी कंपायलरला '-एफअनसाईन्ड-कॅर' द्या. आणि डिफॉल्ट केस घालाच, चुकीचा ऑप्शन आला तर आत्ता तुमचा प्रोग्राम तो गिळून पुढे जातोय.

मॅकचं गेटऑप्ट पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या मानकाप्रमाणे वागतंय: ऑप्शन नसलेला पहिला शब्द आला की थांबायचं. जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) मात्र आर्ग्युमेंटांचा क्रम बदलून ऑप्शन पुढे आणतं. सवय जपायची तर गेटऑप्ट_लाँग वापरा, लांब नावांचा ('--'ने सुरू होणाऱ्या ऑप्शनांचा) तक्ता रिकामा ठेवला तरी चालतो. ते पॉझिक्समध्ये नाही, पण जीलिबसी आणि मॅक दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे क्रम बदलतं.

धागाकर्ता

इंट केलं, बोर्डवर लगेच सुटलं! गेटऑप्ट_लाँगने मॅकवरही '-व्ही' शेवटी चालतंय. मनापासून आभार. एकच उरलं: कॉन्फिग फाईलमधले ऑप्शन वाचायला हाच लूप मी पुन्हा चालवतो. त्याआधी ऑप्टइंड (पुढचं कोणतं आर्ग्युमेंट वाचायचं ते सांगणारं गेटऑप्टचं व्हेरिएबल) ० करायचं की १?

प्रतिसाद १

जीलिबसीवर ०. मॅकवर ऑप्टइंड १ आणि सोबत ऑप्टरीसेटही (गेटऑप्टला नव्याने सुरू करायला सांगणारं व्हेरिएबल) १. जीलिबसीत ऑप्टरीसेट नाही, म्हणून ती ओळ इफडेफमध्ये ठेवा, म्हणजे ती फक्त मॅकवर कंपाईल होईल.