लेझर मारल्यावर थंड न करताच सुपरकंडक्टर? कोणी समजावेल का

दिंडोरीकर:
नाशिकला एमएस्सी फिजिक्स करतोय, सेमिनारला सुपरकंडक्टर (ठरावीक थंडीखाली विजेला अजिबात अडवत नाही असा पदार्थ) हा विषय घेतलाय. मागच्या महिन्यात लॅबमध्ये वायबीसीओची (यिट्रियम, बेरियम, कॉपर आणि ऑक्सिजनचा सुपरकंडक्टर) काळी गोळी थर्माकोलच्या वाटीत ठेवून वर लिक्विड नायट्रोजन ओतलं, गावात गायींच्या रेतनासाठी डॉक्टर कॅनमधून आणतात ना तेच, बुडबुडे शांत झाले तसा वरचा बारका मॅग्नेट अलगद उचलला गेला, टिचकी मारली तर अधांतरी गरगर फिरतच राहिला, अंगावर काटा आला राव. आता वाचतोय की लेझरने हे रूम टेंपरेचरला पण होतं. मग नायट्रोजन लागतं कशाला?

सातपूरकर:
भाऊ, आधी किती वेळ टिकतं ते बघ. हॅम्बुर्गच्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधल्या आंद्रेआ काव्हालेरींच्या ग्रुपने २०१४ मध्ये वायबीसीओत रूम टेंपरेचरपर्यंत सुपरकंडक्टिव्हिटीच्या खुणा दाखवल्या, पण त्या काही पिकोसेकंदच. सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे कर, त्यातले मोजके. आणि त्यांची गोळी तुझ्यासारखी नाही, तुझी साधारण ९० केल्विनच्या (निरपेक्ष शून्यापासून मोजलेलं तापमान, रूम टेंपरेचर साधारण ३००) खाली गेली की सुपरकंडक्टर होते, त्यांची ऑक्सिजन कमी केलेली, एरवी ५० च्या आसपास. लेझर पण तापवायला नसतो, मिड-इन्फ्रारेड पल्स (प्रकाशाचा क्षणभराचा झोत) असतो, कॉपर-ऑक्साइडच्या थरांमधले ऑक्सिजनचे अणू ज्या फ्रिक्वेन्सीला हलतात नेमका तिथेच मारायचा, नागपंचमीच्या झोक्याला वेळेवर रेटा दिल्यासारखा.

गंगापूर रोडची ताई:
के३सी६० पण घे रे सेमिनारला, फुलरीनमध्ये (६० कार्बन अणूंचा चेंडू) पोटॅशियम घातलेलं. एरवी २० केल्विनला सुपरकंडक्टर, २०१६ मध्ये प्रकाशाने १०० केल्विनपर्यंत तशा खुणा दिसल्या आणि २०२१ मध्ये लांब पल्स वापरून काही नॅनोसेकंद (पिकोसेकंदाच्या हजारपट) टिकवलं. पण वाद टाळू नकोस, माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. सुरुवातीचा बहुतेक पुरावा नमुन्यावरून परत येणाऱ्या टेराहर्ट्झ (इन्फ्रारेडपेक्षाही लांब लहरींच्या) प्रकाशाचा, आणि पल्स वरच्या पातळ थरातच शोषला जातो, तो खाली किती पोचला याचा हिशेब चुकला तर साधी वाढलेली कंडक्टिव्हिटी पण सुपरकंडक्टिव्हिटीसारखी दिसू शकते, हा आक्षेप २०२३ मध्ये के३सी६० वर छापून आलाय. म्हणून मला २०२४ चा वायबीसीओचा प्रयोग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्यात चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकललं जाताना मोजलंय. तुझा मॅग्नेट ज्यामुळे उचलला गेला, तेच.

दिंडोरीकर:
ताई, पण पिकोसेकंदात मॅग्नेटला हलायला तरी वेळ मिळेल का? मग तरंगतो कसा?

गंगापूर रोडची ताई:
तरंगवलाच नाही त्यांनी. नमुन्याच्या अगदी लगत गॅलियम फॉस्फाइडचा क्रिस्टल ठेवला, त्यातून दुसरा बारीक पल्स सोडला आणि त्याचं पोलरायझेशन (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा) किती वळतं ते बघितलं. बाहेर ढकललेलं क्षेत्र शेजारी वाढतं, तेवढं वळण जास्त. डेमो दाखवशील तेव्हा वाटीच्या कडेला बोट ठेवून सांग, क्रिस्टल इथे होता म्हणून.