मदत हवी आहे: जुन्या सॉलिसिटर फर्मचं स्थापनावर्ष कसं शोधायचं?

मुंबईतल्या एका सॉलिसिटर फर्मचा इतिहास लिहितेय. सुरुवात १८७० च्या दशकातली असं सगळे सांगतात, पण लेखी पुरावा नाही. मधे भागीदार बदलले तसं नावही बदललं, हीच खरी अडचण. भागीदारी संस्थांची नोंदणी १९३२ च्या कायद्याने आली, त्यामुळे तिथे त्याआधीचं काही मिळत नाही. जुन्या लॉ रिपोर्टमध्ये (न्यायालयीन निकालांच्या छापील संग्रहात) निकालाखाली पक्षकारांच्या अ‍ॅटर्नींची, म्हणजे सॉलिसिटरांची, नावं छापलेली असतात. त्यावरून १८८४ पर्यंत पोचले. फर्मची परवानगी आहे, अशिलांचे कागद मात्र उघडायचे नाहीत.

उच्च न्यायालय १८६२ मध्ये सुरू झालं. तेव्हापासूनच्या अ‍ॅटर्नींच्या सनदांच्या नोंदी न्यायालयातच पाहायला मिळतात, की पुराभिलेखागारात? आणि अर्ज नेमका कोणाकडे करायचा?