‘डिपॉझिट’ला काय म्हणायचं? अनामत, इसार की संचकार?

गणपती पेठ, सांगली : चुलतभाऊ हळद दळायची यंत्रं घेतोय. विकणारी कंपनी कागदावर ब्रिटिश व्हर्जिन बेटांतली, कायदा तिथला, कोर्टही तिथलंच. तीस टक्के ‘डिपॉझिट’ आधी भरायचंय. काकांसाठी कराराचं मराठी करताना मी ‘अनामत’ लिहिलं. काका म्हणाले, “अनामत म्हणजे परत मिळणार की!” तिथंच अडकलोय. दुसरा शब्द सुचवा.

विश्रामबाग (वकिली करतो) : काकांचं बरोबर आहे. अनामत गॅसच्या टाकीची, भाड्याच्या खोलीची. वस्तू परत दिली की पैसे परत. ‘उचल’ही नको, ती ऊसतोडीच्या टोळीसारखी कामातून फिटते. इथं हवा तो ‘इसार’ : सौदा झाला तर किमतीत वळता, घेणारा फिरला तर बुडाला. १९२६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं (इंग्रजांच्या काळात आपलं शेवटचं अपील कोर्ट) आपल्याकडच्याच एका अपिलात नेमकं हेच सांगितलंय. बेटांवरचं शेवटचं अपील आजही तिथंच जातं, म्हणून जुना निकाल काढला.

मात्र वर ‘इसार’ लिहिलं की सगळी रक्कम इसार होते असं नाही. जमैकात एका बँकेनं लिलावात मालमत्ता विकली. किंमत १ कोटी १५ लाख जमैकन डॉलर, डिपॉझिट २५ टक्के. घेणाऱ्याला उरलेले पैसे द्यायला उशीर झाला, बँकेनं डिपॉझिट जप्त केलं. खालच्या अपील कोर्टानं म्हटलं, दहा टक्के ठेवा, वरचं परत करा. प्रिव्ही कौन्सिलनं १९९३ मध्ये त्याच्या पुढं जाऊन सांगितलं, रिवाज दहाचा असताना पंचवीस हा इसारच नव्हे, दंड आहे. सगळंच परत करा, खरं नुकसान झालं असेल तेवढंच कापा. हाव धरली नि दहाही गेले! आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा निकालही असाच : इसार म्हणून दिलेले १,००० जप्त करता येतात, किमतीपैकी म्हणून दिलेल्या २४,००० ना तो नियम नाही, तिथं करार कायद्याचं कलम ७४ (करार मोडल्यावरच्या भरपाईचं) बघा.

पुण्याहून : ‘बयाणा’ का नको? निविदांत असतो की.

विश्रामबाग : चालेल, पण आमच्या बाजारात तो पाहुणा वाटतो.

मिरज : आमच्याकडं इसारापेक्षा ‘संचकार’ जास्त. आजोबांच्या ट्रंकेत म्हशीच्या सौद्याची चिठ्ठी आहे : ‘संचकार रुपये एकावन्न पावले’. खाली अंगठा. जमिनीच्या कागदांतही ‘संचकारपत्र’ सापडतं. मूळ संस्कृत ‘सत्यंकार’, प्राकृतात सच्चंकार. बोलणं खरं करण्यासाठी हातात ठेवलेली वस्तू. याज्ञवल्क्यस्मृतीत सत्यंकाराचं द्रव्य दुप्पट परत करायला लावलंय. तिच्यावरची टीका मिताक्षरा उलगडून सांगते : अंगठी देणारा फिरला तर अंगठी गेली, ती ठेवून घेणारा फिरला तर दुप्पट द्यायची. इंग्रजी डिपॉझिटला ही दुसरी बाजू नाही, विकणारा फिरला तर डिपॉझिट परत आणि नुकसान झालं असेल तर भरपाई, आपोआप दुप्पट नव्हे.

जतकडचे कानडी पाहुणे तर ‘जीवक्के संचकार’ म्हणतात, म्हणजे जिवावर बेतणं. इसाराचा शब्द तिकडं संकटाचा कसा झाला, हे ज्याचा इसार बुडालाय त्याला विचारा.

गणपती पेठ : ‘इसार (संचकार)’ लिहितो. पण मग तीस टक्क्यांचं काय?

विश्रामबाग : जमैकाचा निकाल स्थावर मालमत्तेचा. यंत्रांना दहाचा आकडा जसाच्या तसा लागेल असं धरू नका. बोलणीत मात्र पुढं करा. आणि करारात दहा ‘इसार’, वीस ‘किमतीपैकी आगाऊ’ असं वेगवेगळं लिहून घ्या. सौदा फिसकटला तर त्या विसांवर निदान भांडता येतं.

गणपती पेठ : काकांना वाचून दाखवलं. ‘संचकार’ ऐकल्यावर म्हणाले, “हे आधीच लिहायचं न्हाई व्हय. तीस टक्के संचकार कुठल्या बाजारात असतो?” भावाला फोन लावायला सांगितलाय.